टायपिंगच्या खोलीतले तीन बाण

“मास्तरीण हाय का कॅमेरा? कवापासून नुसती बघायलीय.”

जिन्यात कुणीतरी खुदकन हसलं. मी पडद्यामागे माठातून पाणी घेत होते. तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले. पाणी ओतलं असतं तर आवाज झाला असता, आणि मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. बोलणारी कोण ते दिसायची गरज नव्हती. हायवेवरच्या ढाबेवाल्याची मुलगी. टायपिंगला येणाऱ्या तिघींत तिचाच आवाज मोठा. लॉऱ्यांच्या गोंगाटातून ऑर्डर सांगून सांगून तसा झाला असणार. बाकीच्या दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींकडे बघून हसणाऱ्या.

ती खोटं बोलत नव्हती. मला तिथं येऊन चार दिवस झाले होते आणि त्या तिघींशी मी मोजून दहा वाक्यं बोलले असेन. त्यातली निम्मी ‘हो’ आणि ‘बरं’ अशी होती.

ही गोष्ट हुमनाबादची. बस स्टँडच्या मागे टायरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर माझ्या आत्याची टायपिंगची शाळा. गावात तिला सगळे अक्का म्हणतात, म्हणून आम्हीही घरात अक्काच म्हणतो. खोलीत चार कॉम्प्युटर आहेत, त्यांच्यावर जुन्या साड्यांची झाकणं. भिंतीकडेला तीन टाइपरायटर अजून ठेवलेले. खालून टायरची हवा सुटल्याचा आवाज येतो, आणि तुरीच्या दिवसांत गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या लॉऱ्यांमुळे खिडकीच्या काचा सारख्या थरथरतात. अक्का सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूती लावून नऊच्या ठोक्याला येते आणि आधी कीबोर्ड पुसते.

मी कॉलेज संपवून घरी आले होते. हैदराबादच्या एका कंपनीत रुजू व्हायला अजून तीन आठवडे होते. अक्का आमच्या घरी आली, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाली, “तुझी पोरगी दे मला पंधरा दिवस. कोडिंग शिकायचंय.”

वडील हसले. “या वयात?”

“वयाचं काय करायचंय? बोटं तर चांगली हायेत की.”

मग तिनं सांगितलं ते असं. टायपिंगच्या परीक्षेला आता कुणी बसत नाही. एकेकाळी तिच्याकडे तीन तुकड्या असायच्या, आता तीन मुली उरल्या होत्या. त्यांची परीक्षा झाली की खोलीला कुलूप. पण रस्त्यापलीकडच्या मुलींच्या कॉलेजातल्या मॅडमनी एक शब्द दिला होता. त्यांच्या पोरींना कॉम्प्युटरची भाषा शिकवणारं गावात कुणी नव्हतं. बिदर नाहीतर गुलबर्ग्याला जायचं, तर घरचे पाठवत नव्हते. अक्का शिकवणार असेल तर मॅडम पोरी पाठवायला तयार होत्या. अट एकच, अक्कानं स्वतः शिकवायचं. “तुमची भाची महिन्याभरात निघून जाणार, मग माझ्या पोरी कुणाच्या तोंडाकडं बघत बसतील?” असं त्या म्हणाल्या होत्या. येत्या दुसऱ्या शनिवारी त्या येऊन बघणार होत्या.

म्हणजे पंधरा दिवसांत मला अक्काला शिकवायचं होतं, आणि शनिवारी तिनं मॅडमसमोर त्या तीन मुलींना शिकवून दाखवायचं होतं. जमलं तर शाळा चालू, नाही तर बंद. इतकं सरळ होतं.

मी वडिलांकडे बघितलं. नाही कसं म्हणायचं याचं वाक्य मनात जुळवत होते. ते जुळेपर्यंत अक्का चप्पल घालून खाली गेली होती.

हे माझं जुनं दुखणं. बिदरच्या इंग्लिश मीडियम शाळेत माझी बारा वर्षं गेली. तिथं काहीही बोलायच्या आधी मी वाक्य मनात तयार करायची, उलटसुलट तपासायची. ते तयार झालं की बाई पुढच्या धड्यावर गेलेल्या असायच्या. घरी आलं की उलटी पंचाईत. आमच्या घरातली भाषा सगळ्यांच्या तोंडात भराभर चालायची, आणि मी तिथंही वाक्य तपासत बसायची. नातेवाइकांना वाटायचं मी शिष्ट आहे. मी ते कधी खोडून काढलं नाही. शिष्ट म्हणून लोक सोडून देतात, आणि सोडून दिलेलं मला बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी पेनड्राइव्हमध्ये पायथन ही कॉम्प्युटरची भाषा घेऊन गेले. अक्काच्या खोलीतलं इंटरनेट म्हणजे तिच्या मोबाइलचं, तेही खिडकीत धरलं तर. मी घरूनच नवी कोरी आवृत्ती उतरवून आणली होती. एकाही कॉम्प्युटरनं ती घेतली नाही. ते कॉम्प्युटर इतके जुने होते की नवी आवृत्ती त्यांच्यावर चालणारच नव्हती, आणि हे मला आधी विचारायला सुचलं नव्हतं. घरी गेले, जुनी शोधली, दुसऱ्या दिवशी परत. या वेळी घेतली. पण टाकताना तळाशी एक बारीकसा चौकोन असतो, त्यात खूण करायची असते, ती मी विसरले. मग हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत पायथनचं नाव टाइप केलं तर कॉम्प्युटर म्हणाला, असं कुणी इथं राहत नाही.

अक्का खुर्ची ओढून बाजूला बसली होती. तिला इंग्रजी वाचता येतं. पडद्यावरचं वाचून ती म्हणाली, “आत्ताच घरात घेतलंय आणि वळखत न्हाई म्हणायलंय? जावयाची गत हाय की.”

मला हसू आलं. मी चौकोनात खूण करून पुन्हा सगळं टाकलं, चारही कॉम्प्युटरवर. मग यादीतून पायथनबरोबर येणारी साधी पांढरी खिडकी उघडली. वरती दोन ओळी इंग्रजी, आणि खाली डाव्या कडेला तीन बाण, उजवीकडे तोंड केलेले.

“हे कुणीकडं बोट दाखवायलेत?” अक्कानं विचारलं.

याचं उत्तर मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी थोडा विचार करून म्हणाले, “तुमची पाळी, असं म्हणायचंय त्याला.”

“मग?”

मी दोन अधिक दोन टाइप केलं आणि एंटर दाबलं. खाली चार आलं, आणि त्याच्याखाली पुन्हा तीन बाण.

चार आल्याचं अक्काला काही वाटलं नाही. ती बाणांकडे बघत होती. “परत आले की! म्हणजे अजून इचारा म्हणायलंय. कंटाळत न्हाई व्हय हे?”

पुढचा अर्धा तास ती त्याच्या मागेच लागली. मोठमोठ्या आकड्यांचे गुणाकार घातले. शून्यानं भागून बघितलं आणि त्यानं लाल अक्षरांत नकार दिला तेव्हा शाळेतल्या मास्तरांची आठवण काढली. याला सापाचं नाव कामून ठिवलेत, ते विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यालाच विचार म्हणाली. मी विचारून बघितलं नाही, पण तिला तसं वाटलं हे मला फार आवडलं. मीही पहिल्यांदा ही खिडकी उघडली तेव्हा तासभर असेच वेडेवाकडे प्रश्न घातले होते. वर्गात मी हात वर केला नाही तो नाहीच. इथं मात्र एक ओळ टाकायची, उत्तर बघायचं, दुसरी टाकायची. वाक्य जुळवायला कितीही वेळ लागला तरी ते बाण तिथंच थांबलेले. मला माणसांपेक्षा ते सोपं गेलं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एक गंमत झाली. बाराला बारानं गुणायला अक्कानं टाइप केलं आणि लाल अक्षरं आली: हे नाव मला माहीत नाही. अक्कानं पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. पडद्यावर तर बारा दिसत होते. मी तिच्या बोटांकडे बघितलं तेव्हा कळलं. ती एकच्या आकड्याऐवजी इंग्रजी एल दाबत होती. ती ज्या टाइपरायटरवर शिकली त्यावर एकचा आकडाच नव्हता, सगळे टायपिस्ट धाकट्या एलवरच काम भागवायचे. कॉम्प्युटर येऊन इतकी वर्षं झाली तरी घाईत तिचं बोट तिकडेच जात होतं. कागदावर ते कुणाला कधी कळलं नसतं. मी एका चिठ्ठीवर ‘एकचा आकडा वरच्या रांगेत’ असं लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं.

चिठ्ठीची युक्ती तिथून सुरू झाली. कंस बंद करायचा राहिला की चिठ्ठी. अवतरणचिन्ह राहिलं की चिठ्ठी. अक्का त्या नीट रांगेत चिकटवून ठेवायची.

“अगं, तोंड हाय का न्हाई तुला?” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. “कोडिंग शिकवायलीस का परीक्षेत कॉपी पुरवायलीस?”

मुली फिदीफिदी हसल्या. त्यानंतरच्या दिवशी मी जिन्यातलं ते वाक्य ऐकलं.

पण खरी अडचण चिठ्ठीत मावणारी नव्हती.

टायपिंगच्या शाळेत एक पद्धत असते आणि अक्काच्या शाळेत ती कडक होती. नजर मजकुराच्या कागदावर, बोटं कीबोर्डवर. हातांकडे बघायचं नाही, पडद्याकडे तर नाहीच. कुणाची मान वर झाली की अक्का मागून म्हणायची, “वर काय बघायलीस? शिनिमा लागलाय व्हय तिथं?” दुसरा नियम असा की चुकलेलं पान ठेवायचं नाही. टाइपरायटरच्या काळी खोडरबर चालत नसे, चूक झाली की पान ओढायचं, फाडायचं, नवं लावून पहिल्या ओळीपासून सुरू. कॉम्प्युटर आल्यावरही तिनं मुलींना तीच सवय लावली होती. चुकलं की खिडकी बंद, नवी खिडकी, पहिली ओळ.

तिनं पायथनही तसंच शिकायला घेतलं. मी चार ओळी सांगितल्या की ती त्या आधी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायची, खाली रेघ मारायची, वही उभी ठेवायची आणि पाठ ताठ करून टाइप करायला लागायची. दहा बोटं. इतकं सुंदर टायपिंग मी आमच्या कॉलेजात कुणाचंच बघितलं नव्हतं. आम्ही सगळे दोन बोटांनी टोचणारे. पण दुसऱ्या ओळीत काही चुकलं तर पायथन तिथंच लाल होऊन सांगायचा, आणि अक्का कागदाकडे बघत तिसरी, चौथी, पाचवी ओळ टाइप करत पुढं गेलेली असायची. सगळं झालं की मान वर. पडदा लाल. मग ती एक शब्दही न वाचता कोपऱ्यातली फुली दाबायची आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

एका सकाळी मी मोजलं. अकरा वेळा फुली. एकदाही तिनं लाल अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं नाही. तिच्याबरोबर शिकायला बसलेल्या मुलींचंही तसंच. ढाबेवाल्याची मुलगी तर इतक्या चपळाईनं फुली दाबायची की तिचं काय चुकलं हे मागे बसून मलाही दिसायचं नाही.

मला माहीत होतं की लाल अक्षरं आली म्हणजे पान खराब झालं असं नसतं. ती संपली की खाली तीन बाण पुन्हा येतात, काही झालंच नाही असे. आधी सांगितलेलं सगळं त्याच्या लक्षात असतं. चुकलेली तेवढी एक ओळ पुन्हा टाकायची. आणि ती लाल अक्षरंच तर सांगतात की कुठं अडलं. फुली दाबली की मात्र सगळंच जातं, चुकलेलंही आणि बरोबर आलेलंही. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

मी ते चिठ्ठीवर लिहिलं. ‘कागदाकडे बघू नका, पडद्याकडे बघा.’ वाचून बघितलं. मग चिठ्ठीची घडी घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली. जिनं तीस वर्षं मुलींना मान वर करू नका म्हणून सांगितलं, तिला तिच्याच खोलीत, तिच्याच मुलींसमोर हे चिकटवून कसं दाखवायचं?

एकदा दुपारी मुली गेल्यावर मी नुसतं चाचपून बघितलं. “अक्का, टायपिंगमध्ये चुकलेलं पान फाडायचंच का?”

“मग काय फ्रेम करायचं?”

मी खुर्च्या सरकवायला लागले. पण ती कीबोर्डवर झाकण घालता घालता बोलू लागली. टायपिंगच्या सीनियरच्या, म्हणजे वरच्या परीक्षेला ती गुलबर्ग्याला गेली होती, घरातली पहिलीच मुलगी. वडील सोबत आले होते. त्यांना आत सोडलं नाही, म्हणून ते फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. हॉलमध्ये चाळीस मशीन एकदम वाजू लागल्या तेव्हा तिला वाटलं छपरावर गारा पडायलेत. शेवटून दुसऱ्या ओळीत तिचं एक अक्षर चुकलं. परीक्षेत पान फाडता येत नाही. ते तसंच देऊन ती बाहेर आली. पास झाली, चांगल्या गुणांनी झाली, प्रमाणपत्र भिंतीवर अजून आहे.

“पर ते अक्षर अजून दिसतंय मला,” ती म्हणाली. “माझ्या पोरीचं तसं व्हायला नको, म्हणून फाडायला लावते. परीक्षेच्या आधी शंभरदा फाडलं की परीक्षेत चुकत न्हाई.”

तिच्या पोरी तहसीलमध्ये आहेत, कोर्टात आहेत, गुलबर्ग्याच्या कचेऱ्यांत आहेत. बस स्टँडवर एखादी भेटली की भर गर्दीत वाकून पाया पडते. पद्धत चुकीची नव्हतीच. फक्त इथं चालत नव्हती. ही दोन वाक्यं मी घरी जाईपर्यंत मनात जुळवली, आणि दुसऱ्या दिवशी बोलले नाही.

शनिवारसाठी काय करून दाखवायचं ते अक्कानंच ठरवलं. मी पाढे सुचवले होते, तिला ते पटले नाहीत. “पाढे काय, पोरं पण म्हणतात. माझ्या कामाचं काढ.” तिच्या कामाचं म्हणजे टायपिंगची गती. मुलीनं दहा मिनिटांत किती स्ट्रोक मारले, म्हणजे किती वेळा कळ दाबली, ते मोजायचं. पाच स्ट्रोकचा एक शब्द धरायचा, म्हणून पाचानं भागायचं. मग मिनिटांनी भागायचं. हा हिशेब ती आयुष्यभर पेन्सिलीनं करत आली होती. पाच ओळींत झाला: पहिल्या ओळीत स्ट्रोक, दुसरीत मिनिटं, तिसरीत शब्द, चौथीत गती, पाचवीत गती दाखव. शुक्रवारी तिनं तो तीन वेळा टाइप केला, तिन्ही वेळा बिनचूक. मिनिटाला चाळीस शब्द, असं पायथननं सांगितलं. अक्कानं स्वतःच टाळी वाजवली आणि मुलींना म्हणाली, “हे बघा, पेन्सिल नक्को आता.”

घरी जायच्या आधी तिनं मला विचारलं, “यात आकडा आपणच घालायलाव. ते सोताहून आपल्याला इचारतंय का, की बाई, स्ट्रोक किती?”

“विचारतं,” मी म्हणाले. आणि विचारायची ओळ तिला दाखवली. ती ओळ टाकली की पायथन प्रश्न लिहितो आणि थांबतो. आपण उत्तर देऊन एंटर दाबेपर्यंत बाणसुद्धा येत नाहीत. आपण दिलेलं त्याला अक्षरं वाटतात, म्हणून हा आकडा आहे असंही त्याच ओळीत सांगायचं असतं. मी एकदा करून दाखवलं. तिचे डोळे चमकले. मॅडमसमोर यंत्रानं प्रश्न विचारायचा, ही कल्पना तिला फारच आवडली.

मला तेव्हाच थांबवता आलं असतं. ती वही उघडून ती ओळ उतरवत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं दिसत होतं.

शनिवारी मॅडम साडेदहाला आल्या. अक्कानं जांभळं इरकल नेसलं होतं. दोघी निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलत होत्या. मॅडमना खिडकीजवळची खुर्ची दिली, खालून चहा मागवला. मुली आपापल्या जागी ताठ बसल्या. मी नेहमीच्या स्टुलावर, सगळ्यांच्या मागे.

“भाचीबाई काही सांगणार न्हाईत ना?” मॅडम हसत म्हणाल्या.

“तिला बोलाय लावलं तर सांज व्हईल,” अक्का म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

अक्कानं सुरुवात छान केली. तीन बाण म्हणजे काय ते तिनं सांगितलं: “हे तुमची वाट बघायलंय. दार उघडं ठिवलेल्या दुकानदारागत.” मला माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त आवडलं. शून्यानं भागून दाखवलं. मॅडमनी चहाचा कप हातात तसाच धरून खुर्ची पुढं ओढली. त्यांनाही कुतूहल वाटत होतं, ते दिसत होतं.

“आता गती काढू,” अक्का म्हणाली. तिनं वही उभी केली, पाठ ताठ केली, बोटं ठेवली. “आज हे मला इचारणार हाय बरं का. बघा तुम्ही.”

आणि नजर वहीवर.

पहिली ओळ सरसर उमटली. एंटर. पडद्यावर प्रश्न आला: स्ट्रोक किती? त्याच्यापुढं कर्सर लुकलुकत थांबला. अक्कानं तो बघितलाच नाही. तिची बोटं दुसऱ्या ओळीवर गेली होती, आणि मिनिटांची ती सबंध ओळ प्रश्नाच्या पुढ्यात, उत्तराच्या जागी जाऊन बसली. एंटर. पायथन लाल झाला: हा आकडा नाही. तिसरी ओळ. लाल: स्ट्रोक म्हणजे काय, मला माहीत नाही. चौथी. पाचवी. टायपिंग मात्र एका लयीत, एकही अक्षर न चुकता. पाचव्या ओळीनंतर तिनं परीक्षेत घंटा झाल्यावर उचलतात तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि हसऱ्या चेहऱ्यानं मान वर केली.

अर्ध्याहून जास्त पडदा लाल होता.

“इदेनु?” मॅडमनी विचारलं. काय झालं हे? त्यांनी कप खिडकीत ठेवला. आवाजात राग नव्हता, पण मघाची ओढही उरली नव्हती.

दोघी बहिणींनी माना खाली घातल्या. ढाबेवाल्याची मुलगी वळून माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. अक्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती म्हणाली, “चुकलं वाटतं. थांबा, दुसरं लावते,” आणि तिचा हात माउसवर गेला. पडद्यावरचा बाण कोपऱ्यातल्या फुलीकडे सरकायला लागला. ती पुन्हा पहिल्यापासून टाइप करणार होती, पुन्हा वहीकडे बघत, आणि पुन्हा हेच होणार होतं. मग मॅडम घड्याळ बघून उठणार होत्या. 

मी स्टुलावरून उठले तेव्हा स्टूल मागे पडलं. त्याचा मोठा आवाज झाला आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझ्याजवळ वाक्य तयार नव्हतं. ना शाळेचं, ना घरचं. तोंडातून जे आलं ते आमच्या स्वयंपाकघरात बोलतात तसं आलं, आणि मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्यानं.

“अक्का, फुली दाबू नका! काई बिघडलं न्हाई. पहिल्या ओळीलाच त्यानं तुम्हाला इचारलं, स्ट्रोक किती म्हणून, आणि तुम्ही वहीत बघायला हुता. तुमची दुसरी ओळच त्याला उत्तर वाटली. ते लाल हाय ते वाचा आधी, मोठ्यानं वाचा, मॅडमला पण ऐकू द्या. मग पहिली ओळ परत टाका, आणि वही झाकून ठिवा.”

अक्कानं माउस सोडला, वही मिटली आणि पडद्यावरची पहिली लाल ओळ मोठ्यानं वाचायला लागली, तशी मॅडमनी खुर्ची पुन्हा पुढं ओढली.